पर्सनल ट्रेनरची टिप आणि इन्कम टॅक्स: या चुका टाळा

परवा डोंबिवलीचा एक ट्रेनर रिटर्न भरायला माझ्याकडे आला होता. जिमच्या पगारावर नाही, पीटीच्या, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगच्या, फीवर काम करणारा. मी त्याला यूपीआयचं स्टेटमेंट उघडायला सांगितलं. फीच्या मोठ्या आकड्यांच्या मधे मधे ५००, १०००, २००० अशा बारक्या रकमा होत्या. जानेवारीत एका क्लायंटने ५,००० पाठवले होते, सोबत मेसेज: ‘मॅरेथॉन पूर्ण झाली, थँक्यू सर.’

‘ताई, हे नाही ना धरायचं? हे त्यांनी प्रेमाने दिलंय,’ तो म्हणाला.

धरायचं. आणि धरल्याने त्याचं काहीच गेलं नाही. ते कसं, ते पुढे सांगते. आधी ही पहिली चूक.

टिपला गिफ्ट समजणं

‘५० हजारांपर्यंतचं गिफ्ट टॅक्स फ्री’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये कोणी ना कोणी ऐकवतोच. ती सूट मोबदल्याशिवाय मिळालेल्या पैशासाठी आहे. क्लायंटने पैसे दिले ते तुम्ही पहाटे साडेपाचला उभं राहून त्याच्याकडून स्क्वॅट करून घेतले म्हणून. म्हणजे ते तुमच्या कामातून आलेले पैसे, फीसोबत मोजायचे. दिवाळीची पोस्त त्यातच आली. फ्रीलान्स ट्रेनरला क्लायंटने स्मार्टवॉच किंवा फोन दिला, तर त्याची बाजारातली किंमतही उत्पन्नात येते, कारण व्यवसायातून मिळालेला लाभ रोख असो की वस्तू, कायदा दोन्ही धरतो.

आणि गिफ्टची ती मर्यादासुद्धा लोक चुकीची वाचतात. ५० हजार ही वर्षभराची बेरीज आहे. ती ओलांडली की वरची रक्कम नव्हे, सगळीच रक्कम करपात्र होते.

‘फॉर्म १६ मध्ये नाही, म्हणजे लागत नाही’

हे पगारी ट्रेनरचं. फॉर्म १६ म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला. टिप जिमच्या काउंटरवर कार्डाने आली आणि मालकाने ती तुम्हाला दिली, तरी ती फॉर्म १६ मध्ये दिसणार नाही. हॉटेलांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आयटीसी या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात २०१६ साली न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाने स्वखुशीने दिलेली टिप मालक फक्त पुढे पोचवतो, ती पगार नाही, त्यामुळे मालकाने त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायची गरज नाही. पण कर्मचाऱ्याच्या हातात ती ‘इतर स्त्रोतांतून उत्पन्न’ म्हणून करपात्र आहेच. जिममधल्या टिपलाही हाच न्याय लावायचा. म्हणून रिटर्नमध्ये ती रक्कम त्या रकान्यात तुम्ही स्वतः टाकायची.

पीटी पॅकेजमधला तुमचा ठरलेला टक्का मात्र टिप नव्हे. पगारी असाल तर तो पगारच, आणि तो फॉर्म १६ मध्ये असायला हवा. नसेल तर जिमच्या अकाउंटंटला विचारा.

टिप लपवून स्वतःचंच नुकसान

आता त्या डोंबिवलीकराचा हिशोब. २०२५-२६ मध्ये फी ६,६०,०००, वर्षभरातल्या टिपा ५८,०००. जिमने फीवर १० टक्के टीडीएस कापला होता, म्हणजे ६६,०००. एकूण ७,१८,०००. खर्च एक रुपयाही वजा केला नाही तरी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट, म्हणजे करात सूट, आहे, त्यामुळे कर शून्य. ६६,००० चा पूर्ण रिफंड. टिप दाखवली काय, न दाखवली काय, रिफंड तेवढाच. पगारी असेल त्याला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी, त्यामुळे त्याची रेघ १२,७५,००० वर जाते.

म्हणजे बहुतेक ट्रेनर जो कर वाचवायला टिप लपवतात, तो कर त्यांना लागतच नाही. उलट खात्यात आलेल्या पैशाचा खुलासा देता आला नाही, तर त्यावर नेहमीच्या स्लॅबच्या दरापेक्षा कितीतरी चढा कर लागतो आणि तिथे रिबेट चालत नाही. शिवाय घराच्या कर्जाला बँक मागच्या वर्षांची रिटर्न मागते. तिथे दाखवलेली टिप तुमची बाजू भक्कम करते. मला खरंच वाईट वाटतं, इतकी मेहनत करणारी मुलं कागदावर निम्मीच कमावताना दिसतात.

‘कर शून्य तर रिटर्न कशाला’ हेही सोडा. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं.

रील पाहून ठरवणं

‘टिपवर टॅक्स नाही’ ही बातमी खरी आहे, पण अमेरिकेची. तिथे २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपवर वजावट मिळते, आणि व्यवसायांच्या यादीत व्यायाम प्रशिक्षकही आहेत. न्यू जर्सीत ट्रेनर असलेल्या तुमच्या भावाला ती लागू होईल, तुम्हाला नाही.

दुसरी रील आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएची: ‘निम्मं उत्पन्न नफा दाखवा.’ त्या कलमात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए असे ठरावीक व्यवसाय आहेत. फिटनेस ट्रेनर त्यात नाही.

चूक झालीच असेल तर

मुदत असेल तोवर सुधारित रिटर्न भरा. मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, चार वर्षांपर्यंत भरता येतं. त्यात कराच्या वर २५ ते ७० टक्के जादा रक्कम पडते, आणि जितका उशीर तितकी ती जास्त. मात्र आयटीआर-यू भरून रिफंड मागता येत नाही. कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रिटर्न वेळेतच.

रोख टिपेसाठी मी त्या मुलाला एक साधी वही करायला लावली: तारीख, क्लायंटचं आडनाव, रक्कम. महिनाअखेरीस ती रोकड खात्यात भरायची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, पण वहीतले हे तीन रकाने तसेच चालतील.