हेल्थ व्हिजिटर म्हणून काम करताना मिडवाइफची नोंदणी कशी टिकवावी

ब्रिटनमधील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, दर तीन वर्षांनी आपल्या नोंदणीचे नूतनीकरण करायला लावते आणि एप्रिल २०१६पासून त्यासाठी रिव्हॅलिडेशनची, म्हणजे केलेले काम आणि शिक्षण दाखवून नोंदणी पुढे चालू ठेवण्याची, पद्धत लागू आहे. तेव्हापासून मी ते तीनदा पार पाडले आहे, तिन्ही वेळा पूर्णवेळ हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी जाऊन गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुलांच्या आरोग्याकडे पाहणारी, असताना आणि तिन्ही वेळा मिडवाइफची, म्हणजे प्रसाविकेची, नोंदणी राखून. या विषयावर वॉर्डात आणि चहाच्या सुट्टीत जे सल्ले दिले जातात, त्यांतले निम्मे चुकीचे असतात आणि त्यांपायी चांगल्या मिडवाइफची नोंदणी गेलेली मी पाहिली आहे.

सर्वांत आधी एनएमसीच्या रजिस्टरमध्ये आपले नाव काढून त्यासमोर नेमके काय लिहिले आहे ते वाचा. महाराष्ट्रातून आलेल्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाले की परिचारिका आणि प्रसाविका या दोन्ही नोंदण्या एकत्रच मिळतात, आणि ब्रिटनमध्येही तसेच असेल अशी समजूत राहून जाते. इथे नर्स हा रजिस्टरचा एक भाग आहे आणि मिडवाइफ हा दुसरा. हेल्थ व्हिजिटरची पात्रता तिसऱ्या भागात, स्पेशालिस्ट कम्युनिटी पब्लिक हेल्थ नर्स म्हणून नोंदली जाते आणि ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिच्याखाली नर्स किंवा मिडवाइफ यांपैकी एक तरी नोंदणी चालू असावी लागते.

तुम्ही नर्स नसून थेट मिडवाइफरीतून हेल्थ व्हिजिटर झाला असाल, तर तीन वर्षांत ४५० तासांचे काम पुरते आणि ते हेल्थ व्हिजिटर म्हणून केलेले असले तरी चालते. अशा बाईने नोंदणीच्या भीतीने रात्रपाळ्या करण्याचे काही कारण नाही. मात्र तिने मिडवाइफची नोंदणी सोडली, तर हेल्थ व्हिजिटरची नोंदणीही त्याबरोबर जाईल, हे तिने विसरू नये. तुमच्याकडे नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदण्या असतील आणि दोन्ही ठेवायच्या असतील, तर मात्र ९०० तास लागतात: ४५० नर्सिंगचे आणि ४५० मिडवाइफरीचे. नर्सिंगचे तास तुमच्या रोजच्या नोकरीत आपोआप भरतात. खरा प्रश्न मिडवाइफरीच्या ४५० तासांचा आहे आणि पुढचे बहुतेक सगळे त्याविषयीच आहे.

इथे सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की हेल्थ व्हिजिटर गरोदर स्त्रियांना भेटतेच, मग त्या भेटी मिडवाइफरीच्या खात्यात टाकाव्यात. एनएमसीच्या मार्गदर्शनात प्रत्येक भेटीचे नाव घेऊन ती कोणत्या खात्यातली हे सांगितलेले नाही, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. माझे मत स्पष्ट आहे: असे करू नका. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यानंतरच्या भेटीत आपण त्या घरात बसून आईची मनःस्थिती, घरातला आधार, स्तनपानाबद्दलचे विचार आणि येणाऱ्या बाळाशी जुळणारे नाते पाहतो. पोट तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, बाळंतपणाचा निर्णय घेत नाही. जन्मानंतर १० ते १४ दिवसांत होणारी पहिली भेटही हेल्थ व्हिजिटरचीच असते. ते काम मोलाचे आहे, पण तो तास नर्सच्या खात्यात आधीच गेलेला असतो आणि एक तास दोन खात्यांत मोजता येत नाही. तास प्रमाणित करणाऱ्या व्यक्तीने, ज्याला इथे कन्फर्मर म्हणतात, समोर बसून विचारले की या तासांत तुम्ही मिडवाइफ म्हणून काय केले, तर उत्तर सरळ देता आले पाहिजे. एनएमसी काही अर्ज निवडून अधिक माहिती मागवते, आणि तिथे खोटे घोषणापत्र सापडले तर मिडवाइफची नोंदणी राखताना बाकीच्या दोन्हीही पणाला लागतात.

म्हणून तास खऱ्या मिडवाइफरीतच मिळवा आणि त्यासाठी प्रसूती विभागाच्या बँकेत, म्हणजे गरजेनुसार सुट्या पाळ्या करणाऱ्यांच्या यादीत, नाव घाला. दीर्घ पाळीतून बिनपगारी विश्रांती वजा केली की साधारण साडेअकरा तास उरतात. त्या हिशेबाने ४५० तासांसाठी ४० पाळ्या, म्हणजे वर्षाला १३ ते १४. साडेसात तासांच्या पाळ्या घेतल्या तर तीन वर्षांत ६०. महिन्याला एक पाळी आणि वर्षातून एक-दोन जास्तीच्या, इतकेच हे ओझे आहे, पण ते पहिल्या महिन्यापासून उचलले तरच. रजेचे किंवा आजारपणाचे तास यात धरू नका.

मी पहिल्या फेरीत हे केले नाही. अडीच वर्षे संपली तेव्हा माझ्याकडे १६० तास होते आणि २९० बाकी होते. बँकेत फोन केला, तर माझे प्रसूतीतील आणीबाणीचे प्रॉम्प्ट प्रशिक्षण, बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाचे प्रशिक्षण आणि नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण, या सगळ्यांची मुदत उलटून गेली होती, आणि ती पूर्ण होईपर्यंत एकही पाळी मिळणार नव्हती. पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा मिळण्यात सात आठवडे गेले. उरलेल्या १९ आठवड्यांत मी २६ पाळ्या केल्या, त्याही आठवड्याला साडेसदतीस तासांची नोकरी सांभाळून. त्यासाठी सरासरी ४८ तासांच्या कायदेशीर मर्यादेतून बाहेर पडण्याच्या कागदावर सही करावी लागली. मुलांच्या परीक्षा त्या काळात कधी झाल्या ते मला आजही आठवत नाही.

थकव्यापेक्षाही मोठा धोका हाताची सवय मोडण्याचा असतो. त्या खंडानंतरच्या दुसऱ्याच पाळीत, प्रसूतीनंतरच्या वॉर्डात, एका बाईचे पॅड अर्ध्या तासात दुसऱ्यांदा भिजले. मी पोटावर हात ठेवला, तर गर्भाशयाचा माथा बेंबीच्या वर आणि सैल मळलेल्या कणकेसारखा मऊ लागला. काय करायचे ते मला ठाऊक होते: मी एका हाताने चोळायला लागले आणि दुसऱ्या हाताने मदतीची घंटा ओढली, गर्भाशय घट्ट झाले, आई सुखरूप राहिली. पण हात ठेवण्याआधी माझे काही क्षण खात्री करण्यात गेले, आणि नियमित काम करणाऱ्या मिडवाइफचे ते जात नाहीत. तेव्हापासून महिना मोकळा जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. पाळ्याही एकाच ठिकाणी घेऊ नका. प्रसूतीनंतरचा वॉर्ड सोपा पडतो म्हणून सगळे तास तिथेच भरले, तर प्रसूती कक्षातला हात जातो.

बँकेत रुजू होण्यापूर्वी मूळ नोकरीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा. हेल्थ व्हिजिटर म्हणून असलेले विमा संरक्षण दुसऱ्या ठिकाणच्या मिडवाइफरीला लागू होईल असे गृहीत धरू नका. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, बँकेत ते मालकाकडून मिळते, खासगीरीत्या काम केल्यास स्वतः घ्यावे लागते. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल, तर अशा पूरक कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, हे आधी तपासा.

प्रत्येक पाळीची नोंद त्याच रात्री करा. माझ्या वहीत तारीख, विभाग, तास आणि एक ओळ असते: ‘सिझेरियनचा पहिला दिवस दोघी, स्तनपान एक, रक्तदाबामुळे पुन्हा दाखल एक.’ रुग्णाचे नाव कधीही नाही.

बाकीच्या अटी दुप्पट होत नाहीत. दोन नोंदण्या असल्या तरी ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण, त्यांतले २० तास इतरांसोबत घेतलेले, कामावर मिळालेले पाच अभिप्राय, स्वतःच्या कामावरची पाच लेखी चिंतने आणि एनएमसीवर नोंद असलेल्या सहकाऱ्याशी चर्चा, एवढेच पुरते. फक्त पाचपैकी किमान दोन चिंतने मिडवाइफरीतील ठेवा. बँकेसाठी केलेले प्रशिक्षण शिक्षणाच्या तासांत धरता येते.

तास खरोखरच कमी पडले, तर मिडवाइफची नोंदणी तेवढी सोडून नर्स आणि हेल्थ व्हिजिटर म्हणून नूतनीकरण करता येते; पुढे परत यायचे झाल्यास पुनर्प्रवेशाचा अभ्यासक्रम किंवा क्षमता चाचणी द्यावी लागते. मधल्या काळात स्वतःला मिडवाइफ म्हणवता येणार नाही, कारण ती पदवी कायद्याने राखीव आहे.

अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधी ऑनलाइन उघडतो. नोंदणी ज्या महिन्याच्या अखेरीस संपते, त्या महिन्याची १ तारीख ही अर्जाची शेवटची तारीख असते, ३० किंवा ३१ नव्हे. कन्फर्मरची भेट त्याच्या किमान सहा आठवडे आधी ठरवून ठेवा.