मुलाच्या पोटात गाठ लागली? या चुका टाळा

आंघोळ घालताना नाहीतर चड्डी चढवताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूला काहीतरी टणक लागतं. विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा मूत्रपिंडाचा कर्करोग, बहुतेकदा असाच सापडतो. मूल साधारण 3-4 वर्षांचं असतं, खेळतं, जेवतं. म्हणून घरचे म्हणतात, ‘दुखत नाहीये ना, मग राहू दे.’ पण ही गाठ बहुधा दुखतच नाही.

दुसरी चूक जंतांच्या औषधाची. औषध जरूर द्या, पण त्याचा गुण येतो का हे पाहत महिना घालवू नका. ही गाठ झपाट्याने वाढते. पोटाची सोनोग्राफी दुखत नाही, तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. त्याच आठवड्यात करून घ्या.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगते ते हे: पोट दाबू नका. आजी, मावशी, शेजारीण, सगळ्याच ‘बघू गं’ म्हणत चाचपतात. कुणी बेंबी सरकली म्हणून तेल लावून चोळतं. या गाठीचं आवरण पातळ असतं. ते फुटलं तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडतात, आजाराचा टप्पा वाढतो आणि एरवी टळली असती अशी पोटावरची रेडिएशन द्यावी लागू शकते. काही रुग्णालयांत अशा मुलाच्या खाटेवर ‘पोट दाबू नये’ अशी पाटीच लावतात.

लघवी लाल झाली की ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पाजतात. रक्त एकदाच दिसून थांबलं तरी लघवी तपासा. मुलाचा रक्तदाबही मोजायला सांगा, लहान मापाच्या पट्ट्याने. या आजारात तो वाढू शकतो, आणि मुलांचा रक्तदाब सहसा कुणी मोजतच नाही. रेंगाळणारा ताप आणि फिकट पडलेला चेहरा हीही लक्षणं असू शकतात.

जन्मतः डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नसेल किंवा शरीराची एक बाजू मोठी असेल, तर धोका जास्त. अशा मुलांची साधारण 7 वर्षांपर्यंत दर 3 महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

गाठ दिसलीच, तर घाईने जवळच्या दवाखान्यात सुई घालून तुकडा काढू देऊ नका. आधी मुलांच्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे. एक मूत्रपिंड काढावं लागलं तरी दुसऱ्यावर मूल नीट वाढतं, आणि वेळेवर, पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात.