गुडघा कधी दुखतो, ते आधी लिहून काढा

आमच्या इमारतीत कुणाचाही गुडघा दुखला की निदान एकच, ‘वंगण संपलं’. मलाही तेच ऐकवलं. वय एकसष्ट, चौथा मजला, लिफ्ट नाही. मी मान डोलावली. पण डॉक्टरांनी विचारलं, चढताना दुखतं की उतरताना? मला सांगताच येईना. मग आठ दिवस वहीत लिहिलं. तुम्हीही लिहा.

पहिली नोंद सकाळची. उठल्यावर आखडलेला गुडघा किती वेळात सुटतो? माझा चहा उकळेपर्यंत सुटायचा. अर्ध्या तासाच्या आत सुटला, तर बहुधा झिजेचा संधिवात. तासभर सुटत नाही, दोन्ही हातांची बोटंही सुजतात, तर आमवाताची शंका घ्या. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, म्हणून रक्त तपासायला उशीर नको. एका रात्रीत लाल, गरम, चादरही टेकवत नाही, असं झालं तर युरिक अ‍ॅसिड साचून होणारा संधिवात असू शकतो. सोबत ताप असेल तर वही राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

मग जागा. एका बोटाने दाखवायची. माझं बोट आतल्या बाजूला गेलं. पाय जरा बाकदार, त्यामुळे भार आतल्या कडेवर. वाटीमागची कळ बहुतेकांना जिना उतरताना आणि उकिडवं बसताना येते, कारण वाकलेल्या गुडघ्यात वाटी हाडावर दाबली जाते.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, पण तिला संवेदनाच नसते! दुखतं ते खालचं हाड, सुजलेलं अस्तर, ताणलेले स्नायू. म्हणून एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. माझे दोन्ही गुडघे फोटोत सारखेच झिजलेले, दुखतो फक्त उजवा. (पहिला फोटो कुठेतरी झोपवून काढला होता, तो वाया गेला. उभं राहूनच काढा, भार पडल्यावरची फट दिसते.) डॉक्टरांनी मांड्यांना टेप लावली, तर उजवी दोन सेंटिमीटर बारीक. वर्षभर त्या पायाला जपत लंगडले, स्नायू हडकला आणि प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो.

आठव्या दिवशीची नोंद अशी होती: ‘चढताना काही नाही. उतरताना तिसऱ्या मजल्यापासून, आतून.’ डॉक्टरांनी ती वाचली आणि गोळ्यांआधी मांडीचा व्यायाम लिहून दिला.