गाठाळ ओंडका फोडताना: कुऱ्हाड कोणती आणि पाचर केव्हा

कोकणात मृगापूर्वी चुलीचे आणि न्हाणीचे सरपण फोडून पडवीत रचावे लागते. लाकूड आधी वाळू द्यावे आणि मग फोडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. ऐन, किंजळ, बाभूळ यांसारखी कठीण लाकडे ओली असतानाच सहज फुटतात. शिवाय अखंड ओंडक्यातली ओल साल अडवून धरते, तर फोडलेले लाकूड पुष्कळ लवकर वाळते.

झाड तोडण्याची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, त्यामुळे ती ओंडक्यात खोल रुतते आणि तिथेच अडकते. फोडण्यासाठी दोन ते अडीच किलो वजनाची, दोन्ही बाजूंनी फुगीर पात्याची कुऱ्हाड लोहाराकडून करून घ्यावी. ती लाकूड कापत नाही, बाजूला रेटते. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, सरळ रेषांचा आणि 80 ते 90 सेंटिमीटर लांब असावा. आखूड दांडा हाताला सोपा वाटतो, परंतु नेम चुकला की त्याचे पाते जमिनीकडे न जाता नडगीकडे येते. दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवणारे लोक मी नेहमी पाहतो. पण नेढ्यात, म्हणजे पात्यातल्या दांडा बसवायच्या भोकात, दाबून फुगलेले लाकूड वाळल्यावर पूर्वीपेक्षाही आकसते आणि दांडा अधिकच सैल होतो. दांड्याच्या टोकात नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय आहे.

ओंडके दीड फुटाचे कापून, गुडघ्यापेक्षा खालच्या रुंद ठोकळ्यावर उभे ठेवून फोडावेत. सरळ लाकूड यात संपते.

खरी परीक्षा गाठाळ किंवा बेचक्याच्या ओंडक्याची असते, आणि मी तिथेच बरीच वर्षे चुकत होतो. आंब्याच्या एका बेचक्यात कुऱ्हाड अडकली, तेव्हा मी तिच्या पाठीवर घणाचे घाव घातले. नेढे पसरून कुऱ्हाड कायमची वाया गेली आणि उडालेली पोलादाची कपची डोळ्याजवळ लागली. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की कुऱ्हाडीच्या पाठीवर घण कधीही मारू नये, आणि घण हातात घेण्यापूर्वी डोळ्यांवर चष्मा चढवावाच. अडकलेली कुऱ्हाड दांड्याचे टोक हळूहळू वर-खाली दाबून सोडवावी.

अशा ओंडक्याला दोन लोखंडी पाचरी आणि चार किलोचा घण लागतो. बेचके खाली ठेवून वरचे टोक नीट पाहावे: उन्हाने पडलेली बारीक भेग दिसली, तर पाचर तिच्याच रेषेत लावावी. भेग नसेल तर मध्यावर न लावता कडेपासून तीन-चार बोटे आत, आणि गाठ एकाच फाकेत संपूर्ण राहील अशा बेताने लावावी, कारण गाठ मधोमध आडवी तोडायला जाणे म्हणजे घण आणि खांदे दोन्ही थकवणे होय. पहिले चार-पाच घाव हलकेच घालून पाचर स्वतःच्या बळावर उभी राहिल्यावरच जोर लावावा. ओल्या लाकडातून ती उसळून बाहेर येत असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना कोरडी वाळू चोळावी. पहिली पाचर पूर्ण आत गेली आणि ओंडका फुटला नाही, तरी तिच्यावर घण मारत बसू नये. भेग जिथवर पोचली असेल तिथे दुसरी ठोकावी, म्हणजे पहिली आपोआप मोकळी होते. आतले चिवट तंतू शेवटी कुऱ्हाडीने तोडावेत. बोटे भेगेत घालून ओढू नयेत, कारण पाचर निसटली की भेग क्षणात मिटते.

घाव खाऊन पाचरीचे डोके फुलते. ती फुललेली कड काम सुरू करण्यापूर्वी कानशीने किंवा सहाणयंत्रावर घासून काढावी. माझ्या डोळ्याजवळची कपची जशी उडाली, तशीच ती उडते.

फोडलेली लाकडे उन्हात, वारा खेळेल अशी आडवी-उभी रचावीत आणि पहिल्या पावसाआधी पडवीत घ्यावीत.