झोपेची गोळी सोडताना डोस कसा उतरवावा

अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम महिनोन्‌महिने रोज घेतलं असेल, तर ते एका रात्रीत बंद करू नये. मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात. हळूहळू मेंदू त्या आयत्या मदतीवर विसंबतो आणि गाबाला त्याचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो. मदत अचानक काढली की घाम, थरथर, धडधड, रात्ररात्र जाग येते. कधी कधी फिटही येते.

सगळ्यात आधी स्ट्रिप उलटवून वाचा. आपल्याकडे क्लोनाझेपाम पुष्कळदा एस्सिटालोप्राम किंवा प्रोप्रॅनोलॉलबरोबर एकाच गोळीत असतं. 'झोपेची गोळी' सोडली म्हणता म्हणता नैराश्याचं किंवा हृदयाच्या ठोक्यांचं औषधही त्याच दिवशी सुटतं. अशी गोळी अर्धी करू नका. डॉक्टरांकडून दोन्ही औषधं वेगळी लिहून घ्या आणि एका वेळी एकच उतरवा. नावापुढे एसआर किंवा ईआर असेल तर ती गोळी तोडायची नाही, कारण दिवसभर झिरपायचं औषध तोडल्यावर एकदम सुटतं.

मग डॉक्टरांबरोबर वेळापत्रक ठरवा. साधारण रीत अशी: दर 2 ते 4 आठवड्यांनी चालू डोसच्या 5 ते 10 टक्के कपात, आणि 2 आठवड्यांत 25 टक्क्यांहून जास्त कधीच नाही. टक्के मूळ डोसचे नव्हे, त्या वेळी चालू असलेल्या डोसचे धरायचे. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा, रोजचं क्लोनाझेपाम 0.5 मिग्रॅ आहे आणि हाताशी 0.25 च्या गोळ्या आहेत. दीड गोळी, एक, अर्धी, मग बंद. पायऱ्या सारख्या दिसतात, पण कपात होते 25, 33, 50 आणि 100 टक्के. शेवटच्या अर्ध्या गोळीवर माणूस अडकतो आणि दोष स्वतःच्या मनाला देतो!

यावर उपाय म्हणून डॉक्टर कधी डायझेपाम या त्याच जातीच्या औषधावर वळवतात. ते शरीरातून सावकाश जातं आणि 2 मिग्रॅची गोळी अर्धी करून लहान पायरी गाठता येते. पण 0.5 मिग्रॅ क्लोनाझेपामच्या जागी 5 ते 10 मिग्रॅ डायझेपाम धरतात, म्हणून हा बदल घरी करू नये. वयस्कर किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या अंगात ते साचतं.

एक दिवसाआड गोळी घेणं ही तर सर्रास होणारी चूक. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण 11 तासांत निम्मं होतं; दिवसाआड घेतलं की दर दुसऱ्या दिवशी शरीर तोच त्रास नव्याने भोगतं. रोज ठरल्या वेळी, पण थोडं कमी, असं घ्या. मेडिकलमधून मिळालेला पिल कटर वापरा, सुरीने तुकडे असमान होतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायची नाहीत. साठा संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी नवी करून घ्या.

त्रास औषध सुटल्याचा की जुना आजार परतला? वहीत तारीख, डोस, झोपेचे तास आणि त्रास (0 ते 10) लिहा. कपातीनंतर काही दिवसांतच सुरू झालेला, आधी कधी नव्हता असा त्रास, म्हणजे उजेड-आवाज न सोसणं, स्नायू उडणं, हा बहुधा औषध कमी झाल्याचा असतो आणि ओसरतो. तेव्हा पुढची कपात थांबवा, त्याच डोसवर राहा. फार झालं तर डॉक्टरांना विचारून एक पायरी मागे जा. वाईट रात्री मनाने जादा गोळी मात्र नको.

झोप नाही आली तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. सकाळी उठायची वेळ बदलू नका, दुपारची झोप टाळा, 2 नंतर चहा-कॉफी नको. गोळीची जागा दारूने भरू नका. दुखण्यावर ट्रॅमाडॉल घेण्याआधी विचारा, त्याने फिटचा धोका वाढतो. रात्री मन फार बिघडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

भास, गोंधळलेलं बोलणं, आत्महत्येचे विचार किंवा फिट दिसली तर थेट रुग्णालय, 108. फिट चालू असताना माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.