जुन्या हार्ड डिस्कवरची विंडोज सॉफ्टवेअरसकट नव्या एसएसडीवर कशी न्यावी

लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकलेला दिसतो, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, ‘विंडोज नवीन मारूया.’ नवीन विंडोज टाकणं तासाभराचं काम आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे जुने फॉन्ट, टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग हे सगळं पुन्हा जमवताना आठवडा जातो. म्हणून डिस्क चांगली असेल तर ती अख्खी नव्या एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या वेगवान डिस्कवर) उतरवणं, म्हणजे क्लोन करणं, हाच मार्ग घ्यावा. त्यात एक नियम मोडायचा नाही: नवी डिस्क चालू होऊन तिच्यावर काम सुरळीत होईपर्यंत जुनीवरचं काहीही पुसायचं नाही.

आधी जुन्या डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ‘गुड’ दिसलं तर पुढे जा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ ही ओळ बघा. तिथे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा असेल, तर डिस्कचे काही भाग वाचलेच जात नाहीत. साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर अशा जागी येऊन अडतं. तेव्हा विंडोजची ‘चेक डिस्क’ ही तपासणी चालवून मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी राबवू नका. आधी कागदपत्रं, फोटो आणि टॅलीचा डेटा बाहेर काढा. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं साधन वापरता येतं. ते चांगले भाग आधी उचलतं आणि खराब भागांकडे शेवटी वळतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र मशीन लगेच बंद करा. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

डिस्क निरोगी असली तरी महत्त्वाच्या फाइल्सची वेगळी प्रत घ्यावीच. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे.

कोणती डिस्क घ्यावी

साध्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसते. ती ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी ९.५ मिलिमीटरची असेल तर फटीसाठी प्लॅस्टिकची चौकट लावावी लागते. मदरबोर्डवर एम.२ची खाच (पट्टीसारखी एसएसडी बसते ती) असेल तर जास्त काळजी घ्या. साटा आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणी) हे दोन्ही प्रकार त्याच आकारात मिळतात आणि एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही. मॉडेलचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय पणजीत किंवा म्हापशाच्या दुकानात पैसे मोजू नका. २०१४ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत.

क्षमतेत नेहमी एक घोटाळा होतो. ५०० जीबीची जुनी डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, ४८० ची एसएसडी ४४७ दिसते आणि ५१२ ची ४७६. क्लोनझिला या मोफत क्लोनिंग सॉफ्टवेअरला नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते, त्यामुळे ५०० च्या जागी स्वस्तातली ४८० घेतली की काम अडलंच. ५१२ घ्या. सॅमसंग, क्रुशियल, वेस्टर्न डिजिटल या कंपन्या आपल्या एसएसडीसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात. ते भरलेल्या डेटाचाच हिशेब करत असल्याने लहान डिस्क चालून जाते. पहिल्यांदाच करणाऱ्याने कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरावं हे बरं.

याशिवाय साटा-यूएसबी केबल (एम.२ असेल तर त्या प्रकाराची एसएसडी बसवून यूएसबीला जोडायची डबी) आणि बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लागतो. केबल यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. बऱ्याच मशीनवर तो आतून निळा असतो. ३०० जीबी डेटा त्यावरून तास-सव्वा तासात उतरतो, यूएसबी २ वर अडीच-तीन तास खातो.

विंडोजची तयारी

बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते न विचारताच चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधला ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. तो चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलीच राहते आणि क्लोनझिला असं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) घ्यायला नकार देतं. टॅलीचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं. क्लोन करण्याआधी ते सरेंडर करून (टॅलीमधूनच परत करून) ठेवा.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळा. जून ते सप्टेंबरमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉप यूपीएसवर हवा. बाहेर गडगडाट चालू असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

क्लोन

नवी एसएसडी केबलने जोडली की विंडोज ‘इनिशियलाइझ’ करायला सांगेल. ती खिडकी बंद केली तरी चालतं. आता सॉफ्टवेअर ‘सोर्स’ आणि ‘डेस्टिनेशन’ विचारेल. जुनी सोर्स, नवी डेस्टिनेशन. उलट झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि या सगळ्या खटपटीत न सुधारता येणारी चूक ही एकच आहे. दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर आधी कागदावर लिहा आणि ‘ओके’ दाबण्यापूर्वी पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहा. क्षमतेवर विसंबू नका, दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या असू शकतात.

नुसता सी ड्राइव्ह न निवडता संपूर्ण डिस्क निवडा. मशीन सुरू करणारा भाग ईएफआय नावाच्या साधारण १०० एमबीच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो. तो राहिला की सगळा डेटा जागेवर असूनही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो.

डिस्क बदलताना

मशीन बंद, चार्जर बाहेर, आणि झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर वरचं प्लॅस्टिक फुटतं. समुद्राजवळच्या घरातल्या मशीनमध्ये कनेक्टरच्या पट्ट्यांवर पांढुरका किंवा हिरवट थर दिसतो. तो खाऱ्या दमट हवेचा असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. तोंडाने फुंकर मारू नका, ओल आत जाते.

पहिल्यांदा सुरू करताना

मशीनला फक्त नवी डिस्क जोडलेली असू द्या. दोन्ही लावल्या तर दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा मशीन गुपचूप जुनीवरूनच सुरू होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर ठेवा. तिथलाच साटाचा मोड (डिस्क चालवण्याची पद्धत, एएचसीआय किंवा रेड म्हणजे RAID) पूर्वी होता तोच राहू द्या.

साटावरून एनव्हीएमईवर जाताना कधी निळा पडदा आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतो. सुरू होताना नव्या डिस्कचा ड्रायव्हर हाताशी नसतो, म्हणून. मशीन दोन-तीनदा अर्धवट सुरू झालं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. जुनी विंडोज एमबीआर पद्धतीची (डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असेल तर एनव्हीएमईसाठी ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे.

मोठ्या डिस्कवर उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडता येत नसेल, तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं) आडवं आलेलं असतं. ते पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने टोकाला सरकवा, पुसू नका. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असल्याने डिस्क बदलल्यामुळे ते सहसा जात नाही. ऑफिस पुन्हा लॉगिन मागू शकतं. टॅली नव्याने ॲक्टिव्हेट करा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये नव्या डिस्कपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहून आलं पाहिजे.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जायचं असेल तर क्लोन नीट चालल्याची खात्री झाल्यावरच जा. दोन्ही एकाच दिवशी केलं तर बिघाड कशामुळे झाला ते उलगडत नाही.

जुनी डिस्क महिनाभर सिलिका जेलची पुडी घालून बंद पिशवीत ठेवा. पुढे ती कुणाला द्यायची किंवा भंगारात टाकायची झाली, तर ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते. तुमची बँकेची कागदपत्रं तशीच डिस्कवर राहतात.