सोलापूरचा मे महिना, रेडिओलहरी आणि कर्करोगाच्या पेशी

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी सोलापुरातच जैवभौतिकीच्या संशोधनाकडे वळलो, तेव्हा रेडिओलहरींचा कर्करोगाच्या पेशींवर परिणाम होतो की नाही, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता. दिसलेला परिणाम लहरींचा की निव्वळ उष्णतेचा, हा त्याच्या पोटातला प्रश्न मला एका वाया गेलेल्या उन्हाळ्याने शिकवला.

स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी मी दररोज दोन तास लहरींच्या पेटीत ठेवत असे आणि कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी लहरींविना ठेवलेल्या पेशींचा फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर राहत असे. तीन दिवसांनी केलेल्या एमटीटी चाचणीत, जिच्यात जिवंत पेशी जांभळा रंग देतात, पेटीतल्या पेशींचा जांभळा रंग स्पष्टपणे फिका आला आणि मी हरखून गेलो. मार्गदर्शक मॅडमनी निकालाकडे पाहिलेही नाही, "कंट्रोल कुठे ठेवला होता?" एवढेच विचारले. मे महिन्यात वीज गेली की आमच्या खोलीचा पारा चाळिशीपार जात असे, आणि पेटी त्याच खोलीत होती. फ्लास्कमधल्या माध्यमाचे, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचे, तापमान मोजले तेव्हा ते ४३ अंशांवर पोहोचलेले आढळले. या तापमानाला पेशी लहरींविनाही मरतात.

२.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या सर्वांत छोट्या पुडक्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जेमतेम एक लाखांश असते, तर डीएनएमधला रासायनिक बंध तुटायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणून या लहरी क्ष-किरणांसारखा तो बंध थेट तोडत नाहीत, पाण्याचे रेणू हलवून माध्यम तापवतात. हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा: किलोग्रॅममागे २ वॅट शोषले गेले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पाणी तासाभरात सुमारे १.७ अंशांनी तापते. भारतात मोबाइल हँडसेटमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींसाठी किलोग्रॅममागे १.६ वॅट ही मर्यादा आहे. तापमान मोजताना धातूची तार टाळावी, कारण ती स्वतःच लहरींचे विद्युतक्षेत्र बिघडवते. प्रकाशतंतूचा संवेदक महाग असला तरी त्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

हीच उष्णता वैद्यकात उपयोगी पडते. यकृतातल्या छोट्या गाठीत सुई घालून सुमारे ५०० किलोहर्ट्झच्या प्रवाहाने ऊती ६० अंशांपलीकडे तापवतात आणि गाठ जाळतात.

नातेवाईक मोबाइल टॉवरविषयी विचारतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मर्यादित पुराव्यावरून या लहरी २-बी गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवल्या. त्या मर्यादित पुराव्याचा अर्थ मी त्यांना शांतपणे समजावतो.

आता कंट्रोलचा फ्लास्कही तशाच दुसऱ्या पेटीत, त्याच खोलीत, तितकाच वेळ असतो. फक्त त्या पेटीचा सिग्नल जनरेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारे यंत्र, बंद असतो. फ्लास्कवर सांकेतिक चिठ्ठ्या माझी सहकारी लावते, आणि मोजणीची वही मिटल्यावरच चालू पेटीतला फ्लास्क कोणता होता, हे ती मला सांगते.